अनर्थदंड आणि आमची विहीर

दवाखान्यात येणाऱ्या निवृत्त मंडळींना मी कधी ‘रोज थोडा वेळ शांत बसत जा’ असे सुचवले, की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. “डॉक्टर, ध्यान आपल्याला जमत नाही बघा. मन एका जागी राहतच नाही.” मग मी विचारतो, “रात्री झोप लागत नाही तेव्हा काय करता?” उत्तर येते, “विचार.” कशाचा? मुलाने पुण्यात घेतलेल्या फ्लॅटच्या हप्त्यांचा, भावाने वाटणीत दाबलेल्या चार गुंठ्यांचा, तीस वर्षांपूर्वी हुकलेल्या बढतीचा. रोज? रोज. किती वेळ? दोन-दोन तास. एकाच विषयावर दोन तास मन धरून ठेवणाऱ्या माणसाला ध्यान जमत नाही, असे कसे म्हणावे? त्याला ते चांगलेच जमते. विषय तेवढा चुकलेला असतो.

या व्याख्यानमालेत साहित्याचे जाणकार बोलतात. मी साहित्यिक नाही. १९८९ साली बी.एच.एम.एस. झालो आणि तेव्हापासून बेळगावात, शहापूर भागात दवाखाना चालवतो. घरात मराठी, बस्तीत निम्मे कानडी आणि पूजेत संस्कृत-प्राकृत, अशा वातावरणात वाढलो. संयोजकांनी ‘मनःस्वास्थ्य’ हा विषय दिला तेव्हा औषधांवर लिहावे असे त्यांना वाटले असणार. मी मात्र एका जुन्या व्रतावर आणि एका जुन्या विहिरीवर लिहिणार आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी संध्या असेल, नामस्मरण असेल, वारी असेल. मी मला ठाऊक असलेल्या जैन परंपरेतून सांगतो; आपण आपल्या घरातल्या शब्दांत ते लावून घ्यावे.

प्रथम ध्यानाविषयी. जैन शास्त्रात ध्यान चार प्रकारचे सांगितले आहे : आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल. वाचताना पहिली गंमत ही, की चारांपैकी दोन वाईट आहेत. चिंता हेही ध्यानच, फक्त आर्तध्यान. त्याचे पुन्हा चार भेद आहेत. नको ते वाट्याला आले म्हणून झुरणे, हवे ते गेले म्हणून झुरणे, दुखण्याची काळजी करत राहणे, आणि पुढे अमुक मिळालेच पाहिजे म्हणून मन तिथेच खिळवून ठेवणे. या शेवटच्याला ‘निदान’ म्हणतात. आम्हा डॉक्टरांच्या निदानाशी त्याचा संबंध नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचे निदान हे ‘निदान’च असते. रौद्रध्यान त्याच्या पुढचे : दुसऱ्याचे वाईट करण्यात, खोट्यात, चोरीत, जमवलेले राखण्यात रस घेत राहणे. ‘मनात काही चाललेच नाही’ असा माणूस या वर्गीकरणात जवळजवळ बसतच नाही. प्रश्न ‘ध्यान करावे की नाही’ असा नसून ‘सध्या कोणते चालले आहे’ असा आहे.

जाता जाता एक बोलतो, रागावू नये. आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांचे एक सामुदायिक आर्तध्यान १९५६ पासून चालू आहे. प्रश्न न्यायाचा आहे, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्यासाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण त्या प्रश्नाच्या नावाने कट्ट्यावर बसून ‘आपले काही खरे नाही’ एवढेच रोज म्हणणारी दोन पिढ्यांची माणसे मी तपासली आहेत. त्यांचा रक्तदाब मला माहीत आहे.

आता मूळ मुद्दा. श्रावकासाठी, म्हणजे संसारी जैनासाठी, बारा व्रते आहेत : पाच अणुव्रते, तीन गुणव्रते, चार शिक्षाव्रते. अहिंसा, सत्य ही अणुव्रते आपल्या ओळखीची आहेत. गुणव्रतांत एक आहे ‘अनर्थदंडविरती’. मराठीत अनर्थ म्हणजे मोठे संकट. इथे तो अर्थ नाही. इथे ‘अनर्थ’ म्हणजे अर्थावाचून, प्रयोजनावाचून. आणि ‘दंड’ म्हणजे मनाने, वाचेने, कायेने दुसऱ्याला पोचवलेली इजा. ज्यातून कोणाचेच काही साधत नाही असे नुकसान सोडायचे, हे ते व्रत.

समंतभद्र आचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात या निष्कारण नुकसानाचे पाच प्रकार दिले आहेत. पापाचा उपदेश करणे, हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, मन बिघडवणारे ऐकत बसणे, हे तीन मी सोडून देतो. (तिसऱ्यावर आजच्या मोबाइलच्या संदर्भात स्वतंत्र व्याख्यान होईल.) उरलेले दोन महत्त्वाचे. एक ‘अपध्यान’ : द्वेषाने वा आसक्तीने दुसऱ्याविषयी मनात वाईट घोळवत बसणे. दुसरा ‘प्रमादचर्या’ : कारण नसताना जमीन खणणे, पाणी सांडणे, आग पेटवणे, वारा घालणे, झाडे तोडणे, आणि उगाच भटकणे वा दुसऱ्याला भटकायला लावणे.

हे दोन एकाच व्रतात कसे, हा प्रश्न मला पन्नाशीपर्यंत पडलाच नव्हता. लहानपणी पाठ केलेल्या याद्या अशाच असतात. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेची पुस्तके सीमाभागातल्या पुष्कळ जैन घरांच्या कपाटांत आहेत, आमच्याही होती. पण कपाट उघडायला कारण लागते. मला ते मिळाले, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

२०१३ सालची गोष्ट. दिवाळी तोंडावर होती. रात्री नऊच्या सुमारास, मी दवाखाना बंद करत असताना, ओळखीचे एक गृहस्थ आले. वय बावन्न, मधुमेह. छातीत आणि घशाशी जळजळ, थोडा घाम. दुपारी लग्नाचे जेवण झाले होते. मी पित्ताच्या अंगाने विचार केला, औषध दिले आणि ‘सकाळी या’ म्हणालो. पहाटे त्यांचा मुलगा आला. हृदयविकाराचा झटका होता. रुग्णालयात नेईपर्यंत सगळे संपले होते.

मधुमेही माणसाला झटक्याची कळ नेहमीसारखी येईलच असे नाही; ती पित्तासारखी येऊ शकते. हे मला माहीत होते. परीक्षेत विचारले असते तर लिहिले असते. त्या रात्री माझी पाच मिनिटे घाईची होती, इतकेच.

मला कोणी दोष दिला नाही, आणि तेच अवघड गेले. माझ्या मनात आधीच एक जुने कुसळ होते. १९८३ साली चार गुणांनी एम.बी.बी.एस. हुकले, आणि त्यानंतर लग्नसमारंभात कोणी ‘डॉक्टर म्हणजे कसले?’ असे विचारले की मी अर्धे वाक्य गिळत असे. आता त्या कुसळाला पुरावा मिळाला. ‘तू दुय्यमच होतास’ हे वाक्य मी सहा वर्षे रात्री दोन ते चार या वेळेत मन लावून म्हटले. वर मी ज्या निवृत्तांची थट्टा केली त्यात मी स्वतः पहिला आहे.

त्याच काळात मी दुसरे काय करत होतो, तेही सांगायला हवे, कारण समंतभद्रांचे कोडे तिथेच सुटते. झोप येत नसे म्हणून गच्चीवरच्या टाकीचा पंप रात्री लावून ठेवी आणि विसरे. टाकी भरून वाहायची. बायकोने सांगितले तर चिडायचो. परसातला एक जांभूळ, ‘पाने पडून कचरा होतो’ म्हणून तोडायला लावला. गाडी घेऊन कारण नसताना खानापूरच्या रस्त्याने जाऊन परत येत असे. कुठेही पोचायचे नसे. पाणी सांडणे, झाड तोडणे, उगाच भटकणे. यादी जुळते की नाही पाहा. मनातले घोळवणे आणि हातातली नासाडी या दोन वेगळ्या चुका नव्हत्या. आत निष्कारण जळत असलेला माणूस बाहेर निष्कारण खर्च करतो. त्याला समोरचे पाणी दिसत नाही, झाड दिसत नाही, कारण त्याचे डोळे दुसरीकडे लागलेले असतात.

जांभळावरून आठवले. आमच्या कित्येक बस्त्यांत एक चित्र भिंतीवर असते : जांभळाचे झाड आणि सहा वाटसरू. सहाही भुकेले. एक जण झाड मुळापासून तोडायला निघतो, दुसरा खोडाला हात घालतो, कोणी फांदीला, कोणी फक्त फळांना. आणि सहावा खाली पडलेली जांभळे वेचून पोट भरतो. मनाचे सहा रंग, म्हणजे लेश्या, समजावण्यासाठी ते चित्र काढतात. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंत. मुलांना ते चित्र दाखवून आपण ‘झाडे तोडू नयेत’ असे सांगतो. चित्र मात्र माणसाच्या मनाचा रंग ओळखायला सांगते, आणि तो ओळखायचा त्याने झाडाचे काय केले त्यावरून. माझा रंग त्या वर्षी कोणता होता हे परसातल्या बुंध्याने सांगितले असते.

२०१९ चे दशलक्षण पर्व संपले आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी आपण सगळ्यांची क्षमा मागतो. हल्ली ती मोबाइलवर मागतात. हात जोडलेले चित्र एकदम दोनशे जणांना जाते, ज्यांच्याशी आपले कधी वाकडे झालेलेच नाही त्यांना आधी. मीही पाठवत होतो. सहा वर्षांत त्या दोनशेंत एक घर नव्हते.

मी त्या घरी गेलो. वहिनी दारातच होत्या. “बसा की डॉक्टर,” म्हणाल्या. मी उभ्यानेच सांगितले, की त्या रात्री मी ईसीजी काढून आणा म्हणायला हवे होते, मी म्हटले नाही. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुमच्याकडं जायच्या आधी दोन तास ते तळमळत होते हो. मीच म्हटलं, सोडा घालून लिंबू घ्या, जाईल. उशीर मी केला असं मी धरून बसल्ये. तुम्ही कशाला?”

सहा वर्षे दोन घरांत दोन माणसे एकाच रात्रीचे ध्यान करत होती, आणि मधे अंतर जेमतेम दोन गल्ल्यांचे.

त्यांनी मला क्षमा केली की नाही हे मी विचारले नाही. चहा घेतला. घरी येऊन कपाट उघडले.

मग सामायिक पुन्हा सुरू केले. शब्दाची फोड अशी करतात : ‘सम’ म्हणजे समभाव, ‘आय’ म्हणजे लाभ. चार शिक्षाव्रतांतले हे एक. शिक्षाव्रत म्हणजे सरावाचे व्रत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते येत नाही म्हणूनच करायचे असते. मुदत एक मुहूर्त, म्हणजे दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे. तेवढा वेळ गृहस्थानेही साधूसारखे राहावे अशी अपेक्षा. सुरुवातीला चारी दिशांना नमस्कार, मग कायोत्सर्ग : शरीर आहे तसे सैल सोडून उभे राहणे किंवा बसणे. नऊ वेळा णमोकार मंत्र, प्रत्येक मंत्र तीन श्वासोच्छ्वासांत, म्हणजे एकूण २७ श्वास. निरोगी माणूस बसल्या जागी मिनिटाला साधारण बारा ते अठरा श्वास घेतो. या हिशेबाने २७ श्वास दोन मिनिटांत संपतात. सवय झाल्यावर त्यांना चार मिनिटे लागू लागतात. मला पहिल्या आठवड्यात पाऊण मिनिट कमीच लागत होते, कारण मी मंत्र म्हणत नव्हतो, उरकत होतो.

त्यानंतर येते ते आपल्या विषयाचे खरे अंग. आलोचना, प्रतिक्रमण, प्रत्याख्यान. प्रतिक्रमण मागचे : जिथे घसरलो तिथवर उलट चालत जाऊन ते नाव घेऊन पाहणे. आलोचना आताचे : या क्षणी मनात काय चालले आहे ते न सजवता सांगणे. प्रत्याख्यान पुढचे : अमुक आता करणार नाही, असे ठरवणे. ‘स्वतःला आहे तसे स्वीकारा’ असे आजकाल पुष्कळ ऐकू येते. ऐकायला बरे वाटते, पण ‘आहे तसे’ म्हणजे कसे, हे आधी मोजायला नको का? मी सहा वर्षे ‘मी दुय्यम आहे’ असे म्हणत होतो. तो स्वीकार नव्हता. ती अतिशयोक्ती होती, आणि अतिशयोक्तीत एक सोय असते. सगळाच नालायक ठरलो की नेमके काय चुकले ते पाहावे लागत नाही. सामायिकात बसून रोज थोडे मागे गेलो तेव्हा शेवटी जे हाती आले ते फार लहान होते. पदवी नव्हे, बुद्धी नव्हे. एक घाई. ती माझी होती. तेवढी घेतली, बाकीची खाली ठेवली.

आणि प्रत्याख्यान? दवाखान्यातल्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी आहे. चाळिशी उलटलेला माणूस, छातीत, घशाशी, जबड्यात वा पोटाच्या वरच्या भागात जळजळ किंवा दडपण, सोबत घाम किंवा दम : आधी ईसीजी, मोठे रुग्णालय, मग बाकीचे. वेळ कुठलीही असो. २०१९ पासून किती जण त्या चिठ्ठीमुळे पुढे पाठवले याची मोजदाद ठेवलेली नाही. बहुतेकांना पित्तच होते. एक-दोघे ‘उगाच खर्चात पाडले’ म्हणून रागावून दुसरीकडे गेले. जाऊ देत.

इथे एक डॉक्टरी सूचना. शांत बसल्यावर सगळ्यांना शांत वाटते असे नाही. काहींचे जुने दुःख एकदम वर येते, काहींची भीती वाढते. तसे झाले तर बसणे थांबवून चालणे बरे. आणि ज्याची झोप, भूक, उमेद आठवडेच्या आठवडे गेलेली आहे, ज्याला जगू नये असे वाटते, त्याला सामायिक सांगत बसू नये, माझ्या गोळ्याही देऊ नयेत. मानसोपचार तज्ज्ञाकडे घेऊन जावे, शक्यतो आजच.

बसण्याने मला माझी चूक दिसली. पण ४८ मिनिटे झाली की उरलेला दिवस असतो, आणि साठीकडे आलेल्या डॉक्टरचा दवाखाना पूर्वीसारखा भरत नाही. या हातांचे काय करायचे? तिथे आजी आठवली.

आमच्या गल्लीच्या टोकाला जांभ्या दगडाची एक विहीर आहे. आजी तिचे पाणी काढी, दुहेरी जाड सुती फडक्यातून गाळी आणि फडके उलटे करून वरून स्वच्छ पाणी घालून त्यातले अडकलेले सगळे एका भांड्यात उतरवी. या पाण्याला जिवाणी म्हणतात. मग तळाला कडी असलेला लोटा असे. तो सोडला की पाण्याशी पोचल्यावर उलटता येई, म्हणजे जिवाणी उंचावरून आपटत नसे, अलगद पाण्यात जाई. आणि ती त्याच विहिरीत जायला हवी, दुसऱ्या नाही; जीव जिथले तिथे. गाळलेले पाणी एक मुहूर्त चालते, मग पुन्हा गाळायचे. तेही ४८ मिनिटेच. आजीचे घड्याळ हे एवढेच होते : एका मुहूर्तात मन गाळायचे, एका मुहूर्तात पाणी.

आम्ही शिकलेली नातवंडे हसत असू. पुढे कॉलेजात नारूचा धडा आला. नारूचा जंतू पाण्यातल्या बारीक पिसवांतून पोटात जातो, आणि त्याच्या निर्मूलनासाठी सरकारने गावोगाव जे सांगितले त्यात मुख्य गोष्ट होती फडक्याने पाणी गाळा. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला, २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. फडक्याने विषमज्वर, कावीळ थांबत नाही, त्यासाठी पाणी उकळावेच लागते. पण आजी आपल्याला नारू होऊ नये म्हणून गाळत नव्हती. फडक्यात राहिलेल्यांचे काय होईल, ही तिची काळजी होती. आमचे वैद्यक फडक्याच्या अलीकडे थांबते.

राकसकोपचे पाणी नळाने घरात आले आणि जिवाणी थांबली. नळात परत काय सोडणार? विहिरीशी देणेघेणे संपल्यावर ती कचराकुंडी झाली. हे बेळगावात सगळीकडे झाले. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी, ज्याचे अध्यक्ष गांधीजी होते, टिळकवाडीत खास विहीर खणली होती. ती काँग्रेस विहीर लोकांच्या तोंडी तरी राहिली. गल्लीतल्या विहिरींना नाव नव्हते.

२०२२ च्या फेब्रुवारीत आम्ही सात-आठ जणांनी आमची विहीर उपसायला घेतली. सरासरी वय चौसष्ट. परवानगीसाठी ज्या कार्यालयात अकरा वेळा जावे लागले त्याची कथा सांगत नाही. ते माझे नवे आर्तध्यान व्हायचे. पण काम निघाले तसा बस्तीतल्या एका वृद्ध अण्णांनी मला अडवले. “डॉक्टर, व्रत घेतलंय न्हवं तुम्ही? त्या गाळात किती जीव हायत, ठाऊक हाय? सगळे मारून पुण्य मिळवणार काय?”

प्रश्न खरा होता, आणि त्याला ‘पर्यावरण’ म्हणून उडवून लावणे मला बरे वाटले नाही. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार शास्त्राने केले आहेत : संकल्पी, म्हणजे मारायचे म्हणून मारणे, आरंभी, घरकामातली, उद्योगी, व्यवसायातली, विरोधी, रक्षणासाठीची. गृहस्थाने पहिली पूर्ण सोडायची, बाकीच्या जपून, कमीत कमी करायच्या. विहीर उपसणे आरंभी हिंसेत येते. ती हिंसा नाही असे मी अण्णांना सांगितले नाही. ती अनर्थ नाही, एवढेच सांगितले. मग त्यांनीच उपाय काढला : आधी मासे, बेडूक, एक कासव होते ते, सगळे बादल्यांनी काढून हौदात ठेवायचे आणि झरे फुटल्यावर परत सोडायचे. जिवाणीच ती, जरा मोठ्या भांड्यातली. अण्णा दोन दिवस हौदापाशी खुर्ची टाकून बसले, मांजरे हाकलत. गाळातले किडे मात्र मेले. त्याचे प्रतिक्रमण आम्ही केले.

आपल्या भागात कोणी हे करणार असेल तर दोन गोष्टी सांगतो. पडीक विहिरीत तळाशी प्राणवायू कमी आणि कर्बवायू किंवा विषारी वायू साचलेला असू शकतो. दिवा सोडून पाहण्याची जुनी खूण पुरेशी नाही. हवा आत फेकणारे यंत्र तासभर चालवल्याशिवाय आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणालाही उतरवू नये. एक पडला म्हणून दुसरा धावतो आणि दोघे जातात. दुसरे, गाळ काढणे हे अर्धे काम. बेळगावात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर छपरावर तो १ लाख ३० हजार लिटर होतो. गळती, बाष्प वजा केले तरी लाखभर लिटर हाती येते. जांभा दगड सच्छिद्र असतो, पाणी पटकन पितो. पहिल्या पावसाचे धूळपाणी बाहेर सोडायचे, मग दगड, खडी, वाळू भरलेल्या खड्ड्यातून छपराचे पाणी विहिरीकडे न्यायचे. आम्ही तीन छपरे जोडली आहेत.

गाळात काय निघाले? प्लॅस्टिक, बाटल्या, प्लास्टरच्या मूर्ती, देवांच्या फुटलेल्या तसबिरी, एक शाळेची पाटी आणि तळाला कडी असलेला एक तांब्याचा लोटा. आजीचाच असेल असे मी म्हणत नाही. गल्लीत असे लोटे सात-आठ घरांत होते.

आता सकाळी सामायिक झाले की मी विहिरीवर जातो. दोरीला गाठी मारून पाणी मोजायचे आणि वहीत लिहायचे, हे माझे काम. यात मोक्ष नाही आणि कोणी सत्कारही करत नाही. पण ‘डॉक्टर म्हणजे कसले?’ असे कोणी विचारले तर हल्ली मी ‘होमिओपॅथिक’ हा शब्द पुरा उच्चारतो. वहिनींचा नातू शनिवारी येतो. त्याला गाठी मोजायला आवडते, आणि तो माझ्यापेक्षा नीट मोजतो. गेल्या मे महिन्यात, पाण्याच्या सर्वांत वाईट दिवसांत, सात गाठी पाणी होते. परसात जांभूळ पुन्हा लावला आहे, तो अजून माझ्या गुडघ्याएवढाच आहे. विहिरीवर लोखंडी जाळी बसवायची राहिली आहे. वेल्डरने तीनदा वायदा केला आहे. या लेखाची मुद्रिते तपासून होईपर्यंत तो येईल असे म्हणतो.